किरणोपचारानंतरची सावली : गाठीची की उपचाराची?



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदसोहळ्यात मेंदूतील गाठीचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरात हा आजार एकदा शिरला, त्या घरास त्याचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. आजाराचा संपूर्ण विचार एका व्याख्यानात मावणारा नाही. म्हणून आजचे विवेचन एकाच प्रसंगापुरते मर्यादित ठेवले आहे. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार पूर्ण झाले, रुग्ण घरी परतला आणि त्यानंतर पहिला एमआरआय काढला गेला. त्या एमआरआयच्या अहवालात गाठ वाढल्यासारखी दिसते असे लिहून आले. अशा वेळी त्या ओळीचा अर्थ कसा लावावा आणि तो लावण्यास आधुनिक प्रतिमाशास्त्र कोणते साहाय्य करते, एवढाच हा प्रश्न आहे.

प्रथम एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. चाकूरच्या बाजारपेठेत आडत दुकान चालविणारे एक चौपन्न वर्षांचे गृहस्थ आहेत. सोयाबीनच्या हंगामात एके दिवशी पावती लिहिता लिहिता त्यांचा उजवा हात थांबतो, शब्द सापडेनासे होतात. लातूरला स्कॅन होते, मेंदूत डाव्या बाजूस गाठ निघते. शस्त्रक्रियेनंतर तपासणीत ती ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या पेशींतून उद्भवणारी सर्वांत आक्रमक जातीची गाठ, असल्याचे समजते. मग मुंबई. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, रोज परळला जाऊन जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून किरणोपचार घ्यायचे. सहा आठवड्यांनी मंडळी गावी परततात. महिन्याने लातूरलाच एमआरआय काढला जातो आणि अहवालात लिहिलेले असते की, पूर्वीच्या जागी चकाकणारा भाग मोठा झाला असून भोवती सूज आहे, रोग वाढल्याची शक्यता आहे.

त्या रात्री घरात काय बोलले जाते, हे कल्पनेने जाणणे कठीण नाही.

"काका, रिपोर्टमध्ये वाढ लिहिलीय. आता पुढं काय करायचं?"

"आता भाऊला त्रास देऊ नका रे. जेवढे दिवस आहेत तेवढे घरी सुखानं जाऊ द्या."

हे कुटुंब काल्पनिक आहे, संभाषण मात्र अनेक घरांत याच शब्दांत होत असते. काकांच्या बोलण्यात माया आहे, व्यवहारही आहे. उणीव एवढीच की, अहवालातील 'शक्यता' हा शब्द घरापर्यंत पोहोचेतो गळून पडला आणि 'वाढ' तेवढी शिल्लक राहिली. किरणोपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हा एक शब्द गळणे फार महाग पडू शकते.

एमआरआयच्या चित्रात चकाकते ते नेमके काय, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. सर्वसामान्य समजूत अशी की, पांढरे दिसते ती गाठ. वस्तुस्थिती तशी नाही. शरीरातील इतर अवयवांप्रमाणे मेंदूच्या रक्तवाहिन्या वाटेल तो पदार्थ बाहेर सोडत नाहीत. त्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की, रक्तातील बहुतेक द्रव्ये मेंदूत उतरूच शकत नाहीत. यास वैद्यकात रक्त-मेंदू अडसर म्हणतात. तपासणीच्या वेळी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाच्या धातूचे संयुग टोचले जाते. निरोगी मेंदूत ते रक्तवाहिनीतच राहते. जेथे हा अडसर तुटलेला असेल तेथे ते बाहेर झिरपते आणि चित्रात तो भाग पांढरा चकाकतो. म्हणजे ती चकाकी सांगते ती गळतीची बातमी. गळती कोणी केली, हे ती सांगत नाही. आक्रमक गाठीतील नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या गळक्या असतात हे खरेच. परंतु किरणोपचारही रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा करतात आणि तेथूनही गॅडोलिनियम त्याच तऱ्हेने झिरपते. दोन निरनिराळ्या कारणांचे एकच दृश्य! सारा घोळ येथून सुरू होतो.

किरणोपचार म्हणजे गाठीवर टाकलेला प्रकाशाचा झोत, अशी एक भाबडी कल्पना असते. ग्लिओब्लास्टोमासाठी प्रचलित मात्रा ६० ग्रे इतकी असून ती ३० बैठकांत, आठवड्यातून ५ दिवस याप्रमाणे ६ आठवड्यांत दिली जाते. सन २००५ मध्ये युरोप व कॅनडातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि किरणांसोबत टेमोझोलोमाईड या गोळ्या देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. त्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी १०.४ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. गोळ्यांची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण २६.५ टक्के झाले. आकडे अजूनही क्षीण आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि एका आजारात इतका फरक पडणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

या जोड-उपचारासोबतच एक चमत्कारिक अनुभव डॉक्टरांना वारंवार येऊ लागला. उपचार संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांत चित्र बिघडलेले दिसे, काही रुग्णांत डोकेदुखी व अशक्तपणाही वाढे. मात्र उपचार न बदलता पुढील स्कॅन काढले की तो पांढरा भाग आपोआप आक्रसलेला आढळे. गाठ वाढलीच नव्हती. मरणाऱ्या पेशी, झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या आणि शरीराने तेथे पाठविलेल्या दाहक पेशी यांनी मिळून वाढीचा आभास निर्माण केला होता. यास आभासी वाढ म्हणतात. निरनिराळ्या रुग्णालयांच्या नोंदींत तिचे प्रमाण कमी-अधिक असले तरी ढोबळमानाने पाचांत एक ते तिघांत एक अशा रुग्णांत ती आढळते. यातील विलक्षण भाग असा की, ज्यांच्या गाठीत एमजीएमटी या जनुकाचे काम निसर्गतः बंद झालेले असते, आणि त्यामुळे ज्यांना गोळ्यांचा गुण अधिक येतो, त्यांच्यातच ही आभासी वाढ अधिक दिसते. ज्या रुग्णाचा उपचार उत्तम लागू पडतो आहे, त्याचेच चित्र कित्येकदा सर्वांत वाईट दिसावे, असा हा प्रकार आहे.

याचाच एक थोरला भाऊ आहे. त्यास किरणजन्य ऊतिनाश म्हणावे. तो उशिरा येतो. सामान्यतः सहा महिन्यांनंतर, कधी दोन वर्षांनी, क्वचित त्याहूनही नंतर. यात किरणांच्या माऱ्यात आलेला मेंदूचा काही भाग खरोखरच मृत होतो व त्याच्याभोवती सूज धरते. तो आपोआप विरतोच असे नाही. त्रास झाल्यास त्यावर औषधे आहेत, प्रसंगी शस्त्रक्रियाही करावी लागते. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरल्यावर एकाच ठिकाणी अतितीव्र मात्रा देण्याची जी पद्धत आहे, तिच्यानंतरही असा ऊतिनाश होऊ शकतो. पण ऊतिनाश आणि गाठ यांचे उपचार एकमेकांहून अगदी भिन्न आहेत. गाठ समजून पुन्हा किरण दिले तर मेलेल्या ऊतीवर आणखी घाव. ऊतिनाश समजून थांबले तर गाठीस मोकळे रान.

मेंदू न उघडता आत पाहण्याची सोय होऊन फार वर्षे लोटलेली नाहीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, तो मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीचाच. हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआयचे श्रेय पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली त्याच पारितोषिकाने दिले गेले. यंत्रे आली, चित्रे आली, पण चित्र वाचण्याचे नियम मागाहून आले. १९९० मध्ये घालून दिलेल्या मोजमापानुसार चकाकणाऱ्या भागाची लांबी-रुंदी मोजून गुणाकार करावयाचा आणि तो २५ टक्क्यांहून अधिक वाढला की रोग वाढला असे मानावयाचे. फूटपट्टीचा हा न्याय कित्येक वर्षे चालला. आभासी वाढीचा अनुभव आल्यावर तो अपुरा ठरला. २०१० साली मेंदूरोग व कर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नवे निकष प्रसिद्ध केले. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, किरण व औषधोपचार संपल्यापासून पहिल्या १२ आठवड्यांत केवळ चकाकी वाढली म्हणून रोग वाढला असे ठरवू नये. नवा भाग किरणांच्या मुख्य क्षेत्राबाहेर उगवला असेल किंवा ऊतीचा तुकडा तपासून खात्री झाली असेल तरच तसे म्हणावे. २०२३ मध्ये हे निकष सुधारण्यात आले. तुलनेसाठी शस्त्रक्रियेनंतरचे चित्र न धरता किरणोपचारानंतरचे पहिले चित्र हाच पाया धरावा, असे त्यांत ठरले. थोडक्यात, चाकूरच्या त्या कुटुंबास हाती आलेला अहवाल हा निकालपत्र नसून पाया होता. त्यावर पुढील चित्र मोजावयाचे होते.

लातूर जिल्ह्यातील लोकांना भिंतीतील भेगांविषयी वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जी घरे उभी राहिली त्यांतही कित्येकांच्या भिंतींना तडे होते. तडा दिसला म्हणजे भिंत आजही सरकते आहे असे होत नाही. बांधकामातील जाणकार अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस पक्की बसवितात आणि काही आठवडे वाट पाहतात. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे, शाबूत राहिली तर तो जुना तडा. पुन्हा चार ते आठ आठवड्यांनी काढलेला एमआरआय ही ती काचेची पट्टी होय. मात्र मेंदूच्या बाबतीत नुसती वाट पाहणे नेहमीच परवडत नाही. हाता-पायातील शक्ती जात असेल, झटके येत असतील, तर उत्तर लवकर हवे असते. आणि येथेच प्रगत प्रतिमाशास्त्राचे काम सुरू होते.

पहिली तपासणी परफ्युजन एमआरआयची. यंत्र तेच, गॅडोलिनियमही तेच. फरक एवढा की, ते यंत्राच्या साहाय्याने ठरावीक वेगाने शिरेत सोडतात आणि ते मेंदूतून पार होत असताना दीड-दोन मिनिटांत त्याच भागाची भराभर शेकडो चित्रे टिपतात. त्यावरून कोणत्या जागी किती रक्त खेळते याचा नकाशा तयार होतो. वाढत्या गाठीस रक्त लागते. ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या काढते, त्यामुळे तेथील रक्ताचे आकारमान निरोगी मेंदूच्या तुलनेत वाढलेले दिसते. किरणांनी मारलेल्या ऊतीत रक्तवाहिन्याच उद्ध्वस्त झालेल्या असतात, तेथे हा आकडा खाली राहतो. साधे चित्र गळती दाखविते, परफ्युजन पुरवठा दाखविते. दोन्ही एकत्र ठेवल्यावर बऱ्याच रुग्णांत संभ्रम दूर होतो. ही तपासणी दीड टेस्लाच्या नेहमीच्या यंत्रावरही होऊ शकते. त्यासाठी औषध ठरावीक दाबाने सोडणारे इंजेक्टर, योग्य संगणकप्रणाली आणि ती वाचणारा जाणकार हवा. म्हणून स्कॅनच्या केंद्रावर वेळ घेतानाच परफ्युजन होते का, हे विचारावे. स्कॅन झाल्यावर विचारून उपयोग नाही, कारण ती मागाहून जोडता येत नाही. एक सावधगिरी मात्र आहे. शस्त्रक्रियेच्या जागी साकळलेले रक्त किंवा कवटीत बसविलेल्या धातूच्या पट्ट्या जवळ असतील तर हा नकाशा फसवा निघू शकतो.

दुसरी तपासणी स्पेक्ट्रोस्कोपीची. यात चित्राऐवजी त्या जागेतील रसायनांचा आलेख मिळतो. पेशींची आवरणे जेथे वेगाने बनत व मोडत असतात तेथे कोलीन वाढते. एनएए हे द्रव्य निरोगी चेतापेशींची खूण, ते गाठीत घटते. मृत ऊतीत लॅक्टेट आणि स्निग्ध द्रव्यांचे उंचवटे दिसतात. तत्त्व सुंदर आहे. व्यवहारात मात्र गाठ हाडाजवळ असली की आलेख बिघडतो, आणि गाठ व मृत ऊती एकमेकींत मिसळलेल्या असल्या की आलेखही मिश्र येतो. पाण्याच्या कणांची हालचाल मोजणारी डिफ्युजन ही तपासणी तर बहुतेक प्रत्येक एमआरआयमध्ये असतेच. पेशी दाटीवाटीने असतील तर पाणी अडखळते, एवढे तिचे सूत्र.

पेट स्कॅन ही निराळ्याच जातीची तपासणी. येथे शरीरात अल्पायुषी किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ सोडतात आणि तो कोठे साठतो हे पाहतात. कर्करोगासाठी सर्वत्र वापरला जाणारा पदार्थ म्हणजे खूण लावलेली साखर. मेंदूच्या गाठीसाठी तो कमी पडतो, कारण मेंदू हा स्वतःच साखरेचा मोठा भोक्ता. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के वापरतो. सारा मेंदूच चकाकत असेल तर त्यात गाठीची चकाकी शोधावयाची कशी? दिवाळीच्या रात्री एक पणती निवडून काढण्यासारखेच ते. म्हणून साखरेऐवजी अमिनो आम्ल वापरण्याची कल्पना पुढे आली. निरोगी मेंदू अमिनो आम्ल फारसे ओढून घेत नाही. गाठीच्या पेशींना वाढीसाठी प्रथिने लागतात व त्या ते आधाशीपणाने घेतात. किरणजन्य ऊतिनाश त्या मानाने फारच थोडे घेतो. टायरोसिन या अमिनो आम्लास फ्लोरिन-१८ ची खूण लावून केलेला पदार्थ एफईटी या नावाने ओळखला जातो. तो टोचल्यावर चाळीस-पन्नास मिनिटे सलग चित्रण केले तर आणखी एक बाब कळते. आक्रमक गाठीत तो चटकन चढतो व उतरू लागतो, किरणजन्य बदलात तो बहुधा हळूहळू चढत राहतो. २०१६ मध्ये युरोपीय मेंदू-कर्करोग संघटनेसह आंतरराष्ट्रीय गटाने अशा गाठींत अमिनो आम्ल पेटच्या वापराची शिफारस केली आणि २०२४ मध्ये पेटवरून उपचाराचा परिणाम मोजण्याचे निकषही प्रसिद्ध झाले.

आपल्या महाराष्ट्राचा या क्षेत्राशी असलेला संबंध अभिमानाचा आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याच परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सारी वैद्यक केंद्र १९६३ पासून कार्यरत आहे. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर २००२ साली तेथेच बसविला गेला. किरणोपचार घेतलेल्या मेंदूगाठीच्या रुग्णांत पुनर्वाढ आणि किरणजन्य बदल यांतील फरक एफईटी पेटने कितपत ओळखता येतो, याविषयीचे टाटा रुग्णालयातील तज्ज्ञांचे संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आहे. त्या अभ्यासाचा एक विशेष असा की, पेटच्या निष्कर्षाची पारख एकट्या क्ष-किरणतज्ज्ञावर सोडली नव्हती. शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ, प्रतिमातज्ज्ञ हे सर्व एकत्र बसून रुग्णाचा निर्णय घेतात, त्या संयुक्त बैठकीशी त्याची सांगड घातली होती.

मग ही तपासणी चाकूरच्या रुग्णास चाकूरजवळच का मिळू नये? उत्तर पैशात जेवढे आहे त्याहून अधिक पदार्थविज्ञानात आहे. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे. म्हणजे दर ११० मिनिटांनी त्याची निम्मी शक्ती संपते. मुंबईहून लातूर सुमारे पाचशे किलोमीटर. रस्त्याने दहा तास धरले तर निघताना शंभर भाग असलेला पदार्थ पोहोचेपर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन भाग उरेल. जुन्या काळी याच कामासाठी वापरल्या गेलेल्या कार्बन-११ ची स्थिती तर याहून कठीण. त्याचे अर्धायुष्य २० मिनिटांचे, दोन तासांत चौसष्टांश शिल्लक. त्यामुळे असा पदार्थ सायक्लोट्रॉनपासून काही तासांच्या परिघातच वापरता येतो. रुग्णास पदार्थाकडे जावे लागते, पदार्थ रुग्णाकडे येत नाही. तपासणीपूर्वी किमान चार तास उपाशी राहावे लागते. उपवासाची सवय असलेल्या आपल्या समाजास ती अट तरी जड जाऊ नये!

उपवासाचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची बाब येथेच नमूद करणे इष्ट. मेंदूच्या सुजेसाठी रुग्णास डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेले असते. ते सूज उतरविते, त्याचबरोबर रक्तवाहिन्यांची गळतीही कमी करते. परिणामी त्या दिवसांत काढलेल्या चित्रात चकाकी कमी दिसते. मात्रा घटवली की तीच चकाकी वाढते, आणि गाठीत तसूभर फरक नसताना चित्र बदलते. म्हणून स्कॅनच्या वेळी स्टेरॉइडची मात्रा किती होती, मागील स्कॅनच्या वेळी किती होती, याची नोंद तज्ज्ञास लागतेच. पर्युषणात किंवा रात्रिभोजनत्यागाच्या नियमामुळे एखादा श्रद्धाळू रुग्ण संध्याकाळची गोळी परस्पर बंद करतो आणि घरच्यांनाही सांगत नाही. स्टेरॉइड अचानक थांबविणे शरीरास धोक्याचे आहे, आणि झटक्यांची गोळी चुकली तर झटका येऊ शकतो. स्टेरॉइडच्या मात्रा बहुधा सकाळी व दुपारी बसविता येतात. झटक्यांच्या गोळ्यांचे अंतर मात्र डॉक्टरांनीच ठरवावे लागते. नियमाविषयी त्यांना मोकळेपणाने सांगितले तर बहुतेक वेळा मार्ग निघतो.

चित्राची फसगत उलट दिशेनेही होते, याचा उल्लेख केल्याविना विवेचन एकांगी राहील. बेव्हासिझुमॅब हे औषध रक्तवाहिन्यांना फुटवा देणाऱ्या द्रव्यास अडविते. किरणजन्य ऊतिनाशाच्या सुजेवर ते उपयोगी पडते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काटेकोर चाचणीत दिसून आले. परंतु खऱ्या गाठीतही ते दिल्यावर गळती काही दिवसांत बंद होते आणि चित्र आश्चर्यकारक सुधारते. घरात पेढे वाटण्याची वेळ येते. गाठ मात्र न चकाकता आजूबाजूस पसरत राहिलेली असू शकते. म्हणून चकाकी वाढली की निराशा आणि घटली की आनंद, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे.

एवढ्या तपासण्यांनंतर तरी शंभर टक्के खात्री मिळते काय? नाही. परफ्युजन, स्पेक्ट्रोस्कोपी, पेट यांपैकी एकही तपासणी एकटीच्या बळावर निर्णायक नाही. दोन-तीन तपासण्या एकाच दिशेने बोट दाखवीत असतील तर विश्वास वाढतो. भिन्न दिशा दाखवीत असतील तर शस्त्रक्रियेने ऊतीचा तुकडा काढून पाहावा लागतो. आणि तोही अंतिम शब्द असतो असे नाही. किरणोपचार झालेल्या जागी बहुधा मृत ऊती आणि काही जिवंत गाठपेशी यांचे मिश्रणच सापडते. सुईच्या टोकास जे लागले तेवढेच सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. किती पेशी जिवंत आहेत आणि त्या वाढत आहेत काय, हा खरा प्रश्न असतो.

मराठवाड्यातील रुग्णांसाठी सर्वच वाटा मुंबईस जातात असे नाही. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूरहून जवळ म्हणावे असे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील गावोगावच्या कर्करुग्णांची नोंद ठेवणारी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथेच १९८७ मध्ये सुरू झाली. नियमित तपासणी, परफ्युजनसह एमआरआय, औषधोपचार हे जवळच्या केंद्रात करून केवळ संशयाच्या वेळी मोठ्या केंद्राचा सल्ला घेणे, ही विभागणी बहुतेक कुटुंबांस परवडणारी आहे. दर वेळी रुग्णास घेऊन रात्रीची रेल्वे गाठण्याचे कारण नाही. पुष्कळदा चित्रांची सीडी घेऊन घरातील एक जाणती व्यक्ती गेली तरी काम भागते.

आणि ती सीडी हीच या साऱ्यातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू होय. फिल्मवर छापलेल्या वीस-पंचवीस लहान चित्रांवरून तज्ज्ञास फार थोडे कळते. मूळ शेकडो चित्रे सीडीत असतात, ती संगणकावर उघडून आधीच्या चित्रांशेजारी ठेवून पाहता येतात. शस्त्रक्रियेपूर्वीचा स्कॅन, शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांतला, किरणोपचारापूर्वीचा आणि नंतरचे सर्व, यांच्या सीड्या तारखा घालून एका पिशवीत ठेवाव्यात. दुकानाच्या वह्या जपणाऱ्या घरांना हे अवघड नसावे. तरीही प्रत्यक्षात पिशवीत अहवालाचे कागद असतात आणि सीड्या मुलांच्या खेळण्यांत जातात. त्यांच्याबरोबर किरणोपचाराचा आराखडा मागून घ्यावा. कोणत्या भागास किती मात्रा मिळाली याचा तो रंगीत नकाशा असतो. नवा चकाकणारा भाग त्या नकाशावर ठेवून पाहिला की तो पूर्ण मात्रेच्या क्षेत्रात आहे की बाहेर, हे लगेच समजते. बाहेर असेल तर किरणांवर दोष ढकलता येत नाही. आत असेल तर वाट पाहण्यास आधार मिळतो. हा नकाशा न मागितल्यास सहसा कोणी देत नाही, आणि मागितल्यास सहसा कोणी नाकारीत नाही. गॅडोलिनियम टोचण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या कार्याची, म्हणजे क्रिएटिनिनची, तपासणी झालेली असावी, हेही याच पिशवीत असू द्यावे.

आता पुन्हा त्या आडत दुकानदारांच्या घरी. समजा, काकांनी निर्णय त्या रात्री न घेता पुतण्यास सीड्या आणि आराखडा घेऊन परळला पाठविले. तेथे चित्रे शेजारी-शेजारी ठेवली गेली. चकाकणारा भाग संपूर्णपणे ६० ग्रेच्या क्षेत्रात निघाला. उपचार संपून पाच आठवडेच झाले होते. मधल्या काळात स्टेरॉइडची मात्रा निम्म्यावर आणली होती, ही गोष्ट लातूरच्या अहवालकर्त्यास कोणी सांगितलीच नव्हती. गोळ्या चालू ठेवून सहा आठवड्यांनी परफ्युजनसह पुन्हा एमआरआय काढावा, प्रकृती ढासळल्यास त्याआधीच यावे, असे लिहून मिळाले. त्या दुसऱ्या स्कॅनमध्ये काय निघेल हे आज कोणीच सांगू शकणार नाही. रक्तपुरवठा कमी आढळला तर उपचार आहे तसाच चालू राहील. वाढलेला आढळला तर पेट, नंतर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा दुसरे औषध, अथवा काकांनी सुचविलेला घरी राहण्याचा मार्ग, यांचा विचार होईल. तोही तेव्हा समजून-उमजून आणि रुग्णास विचारून होईल. दरम्यानचे सहा आठवडे ते गृहस्थ दुकानात तासभर बसतात, डाव्या हाताने सही करण्याचा सराव करतात, आणि कॅलेंडरवर पुढच्या तपासणीची तारीख सुनेने लाल शाईने गोल करून ठेवली आहे.